शेवट फार आवडला

मित्रांनो, माझ्या पहिल्या पानावर 'वाचकांचे अभिप्राय' असे टपोऱ्या अक्षरांत लिहिले आहे आणि त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या आहेत. रेघा अगदी सरळ आहेत. पुढच्या पानांवर जे लिहिले गेले ते मात्र तितके सरळ नाही. मी एक जुनी वही आहे. वय म्हणाल तर सातच वर्षे. पण जिच्यात आता कोणी काही लिहीत नाही, तिला जुनीच म्हणायचे.

माझा जन्म सातिवलीचा. तिथल्या एका गाळ्यात वह्या आणि पुस्तके बांधण्याचे काम चालायचे. सोळा पानांच्या एका घडीला तिथे फर्मा म्हणत. लांब टेबलावर फर्म्यांचे ढीग ओळीने मांडलेले असत. बायका टेबलाच्या कडेने चालत आणि प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलत. टेबल संपले की हातात अख्खे पुस्तक आलेले असे. मग शिलाई, मग डिंक, मग कटिंग. बायका चालता चालता सुनांच्या आणि नणंदांच्या गोष्टी सांगत. मला त्या गोष्टी फार आवडत. माझी दोनशे पाने रेघांची होती, पाठीला लाल कापड होते, आणि आपल्यातही कोणीतरी असेच काही मनापासून लिहील अशी मला आशा होती.

मला बॅप्टिस्ट सरांनी विकत घेतले. सर निवृत्त शिक्षक. नंदाखाल गावातल्या एका आळीत त्यांनी एक लहानसे वाचनालय काढले होते. एक खोली, चार कपाटे, मागे केळीची वाडी. गावात घरोघरी आपली बोली बोलतात, पण सरांच्या टेबलापुढे आले की पन्नाशीची माणसेसुद्धा शाळेतली मराठी बोलायची. निम्म्या गावाने त्यांच्या हातची छडी खाल्ली होती, त्याचा हा परिणाम.

सरांना एकच दुःख होते. लोक पुस्तके नेत आणि तशीच परत आणून देत. म्हणून त्यांनी नियम काढला की परत केलेल्या पुस्तकावर वहीत अभिप्राय लिहिल्याशिवाय दुसरे पुस्तक मिळणार नाही. नियम चांगला होता. त्यामुळे लोक वाचू लागतील असे सरांना वाटले. लोक काही वाचू लागले नाहीत, ते अभिप्राय लिहू लागले. वरच्याने काय लिहिले आहे ते बघायचे, दोन शब्द इकडचे तिकडे करायचे, खाली सही ठोकायची. घाईत असले तर नुसते 'वरीलप्रमाणे'. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. आता वाटत नाही.

चार वर्षांपूर्वी डेल्फिनची कादंबरी आली. डेल्फिन याच गावची लेक, सरांची विद्यार्थिनी. लग्नानंतर ती विरारला बोळिंजमध्ये राहायला गेली होती आणि एका कचेरीत नोकरी करत होती. सकाळी डबा भरायच्या आधी, रोज तासभर, अशी सहा वर्षे तिने ती कादंबरी लिहिली होती. नाव होते 'तिसरे प्रूफ'. मुंबईच्या एका प्रकाशकाने ती छापली.

त्या कादंबरीची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. इरा नावाची एक मुलगी असते. तिच्या वडिलांनी आयुष्यभर खपून एक पुस्तक लिहिलेले असते आणि एक बडा प्रकाशक ते स्वतःच्या नावावर छापतो. वडील त्या धक्क्याने जातात. इरा नाव बदलून त्याच प्रकाशकाकडे प्रुफे तपासायची नोकरी धरते, सूड घ्यायला. तिथे ती त्याच्याच मुलाच्या प्रेमात पडते. प्रकाशकाचे नवे पुस्तक छपाईला जाणार असते आणि त्याचे शेवटचे, तिसरे प्रूफ तिच्या टेबलावर येते. तिने त्यात खरी हकिकत घुसवली तर प्रकाशक उघडा पडेल, पण त्याच्याबरोबर त्याचा मुलगाही संपेल. इरा लाल पेन हातात घेते. आणि मग ती काय करते, हे शेवटच्या सोळा पानांत होते.

प्रकाशन समारंभ रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची प्रार्थना, संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये झाला. शाल झाली, नारळ झाला. फादर भाषणात म्हणाले, "पुस्तक मी अजून वाचलेलं नाही, पण डेल्फिनला लहानपणापासून ओळखतो." सगळे हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. गावाला खरोखर आनंद झाला होता. तो आनंद खोटा नव्हता, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते.

वाचनालयाला एक प्रत मिळाली. आता पहिला अभिप्राय कोणी लिहायचा? सर म्हणाले, मीच लिहितो. त्यांनी पुस्तक उलटे केले, मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर वाचला आणि माझ्या अठ्ठ्याऐंशीव्या पानावर सुंदर अक्षरात लिहिले, 'प्रेम आणि सूड यांचा उत्कंठावर्धक संगम. शेवट अनपेक्षित. शेवट फार आवडला.' सरांनी पुस्तक वाचले नव्हते. वाचू पुढे सावकाश, असे त्यांच्या मनात होते. पण आपल्या विद्यार्थिनीच्या पुस्तकाखालची जागा कोरी राहू नये, एवढीच त्यांची तळमळ.

मग सगळ्यांनी सरांची री ओढली. स्टॅनी लग्नाच्या मांडवांची कामे घ्यायचा. त्याने लिहिले, 'डोळ्यांत पाणी आले. शेवट फार आवडला.' ॲनिशा अंधेरीला बँकेत जायची. ती एका संध्याकाळी धावत आली. "सर, रिक्षा थांबवलीये, पटकन लिहिते हां," म्हणाली आणि उभ्या उभ्या लिहून गेली, 'सस्पेन्स एक नंबर. शेवट फार आवडला.' पुस्तक तिच्याकडे दोन दिवस होते आणि ते दोन्ही दिवस ती घरी नव्हती. कोणी बिचकलेच तर सर हळूच सांगत, "आपल्या गावची लेक आहे. चांगलं लिही."

अशा अडतीस जणांनी सह्या केल्या. त्यातल्या दोघांचे तर मला आजही हसू येते आणि लाजही वाटते. एकाने लिहिले, 'इराने सूड घेतला ते बरे केले.' त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिले, 'इराने सूड घेतला नाही ते बरे केले.' दोघांनाही शेवट फार आवडला होता.

सर माझ्या पानांचे फोटो काढून डेल्फिनला मोबाइलवर पाठवत. फोटो जरा अस्पष्ट यायचे, पण 'शेवट फार आवडला' एवढे नक्की वाचता यायचे. डेल्फिन हात जोडल्याची चित्रे पाठवायची. एकदा तिने लिहिले, 'सर, त्या शेवटाची मला सगळ्यात जास्त भीती होती. लोकांना तो पटला म्हणजे मी दुसरी कादंबरी लिहू शकते.' सरांनी हे मोठ्याने वाचून दाखवले. तेव्हा खोलीत सात-आठ माणसे होती. सगळी खूश झाली. डेल्फिनने दुसरी कादंबरी सुरू केली ती अशी, माझ्या भरवशावर.

हरिश्चंद्रभाऊ तेव्हा पंचाहत्तरीचे होते. निर्मळच्या बाजूला त्यांची वाडी होती, सोनचाफ्याची आणि केळीची. बोलायला मोजके, वाचायला संथ. त्यांनी 'तिसरे प्रूफ' नेले आणि तीन आठवड्यांनी आणले. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि सावकाश लिहू लागले. 'पान १९२ नंतर पुन्हा १७७ येते. पुढची गोष्ट नाही. त्या मुलीने पेन हातात घेतले, पुढे काय केले? मला राहवत नाही. कृपया कळवावे. ह. म. पाटील.'

"मास्तर, शेवट कुठाय?" त्यांनी विचारले.

"शेवट म्हणजे?"

"तुम्ही लिहिलंय ना, शेवट फार आवडला. मग तुमच्या वेळेला होती का पानं?"

सरांनी पुस्तक उघडले. मला ते पाहायची गरजच नव्हती, सातिवलीतल्या टेबलामुळे मला लगेच समजले. बोलण्याच्या नादात कोणाचा तरी हात एकाच ढिगावर दोनदा पडला असणार. बारावा फर्मा दोनदा लागला होता आणि तेरावा, शेवटचा, लागलाच नव्हता. जाडी बरोबर, वजन बरोबर. नुसते चाळणाऱ्याला काही कळायचे नाही. ज्याने वाचले त्यालाच कळले असते, आणि वाचणारे हरिश्चंद्रभाऊ एकटेच निघाले.

सरांनी पुस्तक मिटले. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी काय आले असेल ते मी ओळखते. गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, स्टॅनी, ॲनिशा, चर्चच्या महिला मंडळाच्या चौघी, आणि सगळ्यांच्या वर त्यांची स्वतःची सही. "मी प्रकाशकाला पत्र लिहितो, भाऊ," ते म्हणाले. "दुसरी प्रत मागवतो. तोवर हे कुणाकडे बोलू नका. पोरीला वाईट वाटेल."

"बरं," हरिश्चंद्रभाऊ म्हणाले. "पण मला सांगा हां."

ते गेल्यावर सरांनी दार लोटले. पांढऱ्या कागदाचा तुकडा कापला, त्याला डिंक लावला आणि भाऊंच्या अभिप्रायावर चिकटवला. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुकड्यावर त्यांनी लिहिले, 'वरीलप्रमाणे.' मित्रांनो, माझ्यात एकच खरा अभिप्राय होता आणि तो माझ्याच अंगावर गाडला गेला. मी काही करू शकले नाही. वही नुसती पडून असते.

सरांनी पत्र लिहिले हे खरे. उत्तर आले की प्रती शिल्लक नाहीत, खप नसल्याने उरलेल्या रद्दीत दिल्या. तेही सरांनी डेल्फिनला कळवले नाही. हरिश्चंद्रभाऊ महिन्याभराने आले, मग पावसाळ्यानंतर आले, मग नाताळच्या आधी एकदा. दर वेळी दारातूनच विचारायचे, "आलं का, मास्तर?" सर मान हलवायचे. त्यानंतर भाऊ आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले.

आणि या वर्षी, एका गुरुवारी सकाळी, डेल्फिन आली. हातात मिठाईचा पुडा होता. दुसरी कादंबरी पूर्ण झाली होती. प्रकाशक म्हणाला होता की पहिली कोणी वाचली असे दिसले तर दुसरीचे बघू, वाचकांचे अभिप्राय नावांसकट पाठवा. फोटो अस्पष्ट होते म्हणून ती स्वतः उतरवून घ्यायला आली होती.

"सर, सगळे अडतीस उतरवून घेते. तासभर बसले तर चालेल ना?"

सर नाही म्हणू शकले नाहीत. तिने मला उघडले. पहिली दहा-बारा नावे उतरवताना तिच्या चेहऱ्यावर जे सुख होते, त्यासाठी मी जन्म घेतला असे मला वाटले. मग ती त्या दोन अभिप्रायांपाशी आली. सूड घेतला ते बरे केले. सूड घेतला नाही ते बरे केले. ती हसली. पुन्हा वाचले. मग हसू थांबले.

"सर, आपली प्रत बघू."

सरांनी कपाटाकडे पाहिले, पण ते उठले नाहीत. तिनेच जाऊन काढली. आधी कड पाहिली. सुरुवातीची चाळीसेक पाने हातांनी मळलेली होती आणि पुढे कागद दुकानातून आणल्यासारखा कोरा होता. अधूनमधून एकट्या हरिश्चंद्रभाऊंच्या बोटांचे डाग होते. मग तिने शेवट उघडला. १९२. त्यानंतर १७७.

"सर, यात शेवट नाहीये."

"बाइंडिंगची चूक, डेल्फिन."

"ते कळलं मला." तिने मला जवळ ओढले आणि बोट ठेवून एकेक नाव मोजत गेली. चिकटवलेल्या तुकड्यापाशी बोट थांबले. एक कोपरा सुटला होता. तिने तो नखाने ओढला. खालची अक्षरे फाटली, पण वाचता आली.

"हे कोण?"

"हरिश्चंद्रभाऊ. निर्मळचे."

"कुठे भेटतील?"

"गेले ते. झाली दोन-तीन वर्षं."

"त्यांना शेवट सांगितला कोणी?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"माझा फोन नंबर होता ना सर तुमच्याकडे. एक फोन करायचा होता. मी धावत आले असते त्यांच्याकडे."

"तुला वाईट वाटेल म्हणून..." सर खुर्चीतून उठले. "सगळ्यांनी मनापासून लिहिलंय गं. तुझ्यावरच्या प्रेमानं. हे अभिप्राय पाठव तू. त्या प्रकाशकाला काय कळणार आहे?"

"मला कळलंय ना," डेल्फिन म्हणाली. तिने उतरवून घेतलेला कागद चौपदरी घडी करून पर्समध्ये ठेवला. ती रडली नाही, ओरडली नाही. मिठाईचा पुडा टेबलावर तसाच ठेवून निघून गेली. तिने तो कागद प्रकाशकाकडे पाठवला नाही. दुसऱ्या कादंबरीचे काय झाले ते फार सोपे आहे. काहीच झाले नाही.

त्या दिवसापासून सर 'तिसरे प्रूफ' वाचू लागले. बैल गेला नि झोपा केला म्हणतात ते हेच. पण वाचले मात्र त्यांनी खरे, एकेक पान, चष्मा पुसून पुसून. मधेच थांबून 'अरे' म्हणायचे. सहाव्या दिवशी ते १९२व्या पानावर आले आणि पुढे १७७ आहे हे ठाऊक असूनही त्यांनी पान उलटले. मग मला कापडी पिशवीत घातले आणि बोळिंजची वाट धरली.

डेल्फिनने दार उघडले, पाणी दिले, चहा केला. मुलीच्या परीक्षेचे बोलली, इमारतीच्या पाण्याचे बोलली. कादंबरीचे नाही. शेवटी सरांनीच कप खाली ठेवला.

"डेल्फिन, मी वाचली. आता खरंच वाचली. इरा पेन उचलते तेव्हा तिनं वडिलांचा चष्मा घातलेला असतो. तिला त्यातून धड दिसत नसतं, तरी ती तो काढत नाही. ते वाचून मला कसंतरी झालं. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पुढे काय करते गं ती?"

डेल्फिनचे डोळे भरून आले. तिच्या घरात, तिच्यासमोर बसून त्या चष्म्याबद्दल आजवर कोणीच बोलले नव्हते.

"हे चार वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर, सर."

"चुकलो मी. मला माफ कर. पण शेवट सांग."

"माझ्याकडची शेवटची प्रत प्रकाशकाने बघायला मागितली म्हणून पाठवली होती. ती परत आली नाही."

"तोंडी सांग. तू लिहिलाय तो."

ती खिडकीकडे गेली. तिथूनच बोलली. "लिहिला तेव्हा मला तो शेवट खरा वाटत होता, सर. माणसांबद्दल तसं वाटायचं मला. आता नाही वाटत. खोटं कशाला सांगू तुम्हाला?"

सर उठले. जिने उतरताना पिशवीतून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. परत आल्यावर त्यांनी आपला पहिला अभिप्राय खोडला नाही. खाली नवा लिहिला, 'कादंबरी १९२ पानांपर्यंत वाचली. पुढची गोष्ट कळण्याची फार इच्छा होती.' तारीख घातली, सही केली. तो अभिप्राय खरा आहे, पण ज्या बाईसाठी आहे ती आता माझ्याजवळ येणार नाही.

मित्रांनो, माझे ऐकाल तर एवढे करा. तुमच्या आळीत, तुमच्या इमारतीत कोणी लिहीत असेल तर त्याचे पुस्तक वाचा. वाचायला जमले नाही तर 'वाचले नाही' असे तोंडावर सांगा. आवडले नाही तर तेही सांगा. तो चार दिवस रुसेल, मग पुन्हा लिहायला बसेल. न वाचता त्याला शाबासकी मात्र देऊ नका. ती तो खरी मानतो, तिच्यावर आपली वर्षे खर्च करतो आणि मग एके दिवशी ती उचकटून पाहतो.

सरांनी तो नियम आता काढून टाकला आहे. अभिप्राय लिहायची सक्ती नाही, त्यामुळे कोणी लिहीत नाही. माझी बरीच पाने कोरी आहेत. सर रोज माझ्यावरची धूळ झटकतात. मी कोणाची वाटही पाहत नाही. कोणी पेन घेऊन माझ्याकडे येताना दिसले, तर मला भीतीच वाटते.